ट्रामचा पट्टा गेला, कालव्याचा अजून आहे

नाशिकला ट्राम होती असं सांगितलं की आजही निम्मे लोक थट्टा समजून हसतात. पण होती. १८८९मध्ये बांधलेली, मेनरोडवर जिथे महापालिकेची जुनी इमारत आहे तिथपासून थेट नाशिकरोड स्टेशनापर्यंत, आठ-दहा किलोमीटरची. सुरुवातीला दोन डबे आणि ते ओढायला चार घोडे. रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. तिचे सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. याच गृहस्थांनी पुढे अडीच फुटी रुळांवरच बार्शी लाइट रेल्वे उभारली आणि नाव कमावलं. रेल्वे गावापासून लांबून गेली म्हणून ट्राम आली. मग प्लेगची आणि दुष्काळाची वर्षं आली, तोटा वाढत गेला, आणि १९३१ ते १९३३च्या दरम्यान ती बंद पडली.

ती बंद पडली याचं मला फारसं वाईट वाटत नाही. तोट्यातली ट्राम कोण किती दिवस चालवणार? वाईट वाटतं ते पट्ट्याचं. द्वारका चौकावरून नाशिकरोडला जाताना ट्रामची एखादी खूण दाखवा म्हटलं तर कुणाला दाखवता येणार नाही. रूळ गेले, आणि रुळांखालची सलग जागाही रस्त्यात, दुकानांत, पार्किंगमध्ये विरून गेली. आता गंमत बघा. २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. तिची मुख्य मार्गिका गंगापूर ते नाशिकरोड. रबरी टायरवर धावणारी, आणि खांबांवरून, कारण जमिनीवर जागाच नाही. म्हणजे ट्राम मोडल्यावर नव्वद वर्षांनी शहराला नाशिकरोडची तीच वाट पुन्हा हवीशी झाली, आणि ती हवेत बांधावी लागणार होती. घोषणेला वर्षं लोटली, खांब एकही उभा राहिलेला नाही.

हे उगाळायचं कारण असं की तशाच आणखी एका पट्ट्याचं भवितव्य सध्या आपल्या शहरात तुकड्यातुकड्याने ठरतंय. तो रेल्वेचा नाही, पाटबंधारे खात्याचा आहे.

गंगापूर धरणाला दोन कालवे. डावा मखमलाबाद-म्हसरूळच्या अंगाने जातो, त्याला पाणी असतं, निफाडकडच्या शेतीला त्याचं महत्त्व आहे. त्याच्याबद्दल मी बोलत नाही. उजवा कालवा सातपूरच्या बाजूने शहरात शिरतो आणि नाशिकरोडच्या दिशेने जातो. तो खणला तेव्हा ही सगळी शेतं होती. शहर वाढत गेलं, कालव्याखालचा भाजीपाला आणि द्राक्षं जाऊन तिथे आधी प्लॉट पडले, मग अपार्टमेंट उभी राहिली. ज्या शेताला पाणी द्यायचं ते शेतच उरलं नाही, तेव्हा पाणीही थांबलं. आता त्या जागेवर काय आहे, याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही. जेलरोडला त्याचा कॅनॉल रोड झालाय, आणि तिथे राहणाऱ्या नव्या पोरांना कॅनॉल कुठला असा प्रश्नही पडत नाही. कुठे बाग आहे, कुठे चालायला ट्रॅक. कुठे वस्त्या आहेत, त्यांच्याविषयी पुढे बोलतो. आणि मधेमधे अजून नुसताच पट्टा आहे: बाभळी, घाणेरी, बांधकामाचा राडारोडा, एखादी जुनी मोरी, आणि कुणीतरी रोज जात असल्यामुळे उमटलेली पायवाट.

माझं म्हणणं एवढंच आहे की या पट्ट्यावर शेवटी काय बांधायचं ते ठरायच्या आधी तो आहे तसा, मुरुमाचा का होईना, चालणाऱ्यांना आणि सायकलींना खुला करावा. आणि पुढे काहीही ठरलं तरी त्याची सलगता कुठेही तोडू नये. रस्ता करा, मेट्रो करा, बाग करा, ते नंतर बघू. आधी त्यावर चाकं फिरू द्या.

कालव्याच्या आणि रेल्वेच्या पट्ट्यात एक गोष्ट सारखी असते, ती सायकल चालवणाऱ्याच्या मांड्यांना लगेच कळते. दोन्ही सपाट असतात. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नव्हता. कसारा घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे, तर तिथे आजही मागून जादा इंजिनं लावावी लागतात. म्हणून बाकी ठिकाणी रेल्वेवाल्यांनी डोंगर फोडले, भराव घातले, पण वाट शक्य तितकी समतल ठेवली. कालवा तर त्याहून हट्टी. पाणी आपोआप पुढे जायला हवं, पण धावत सुटता कामा नये, म्हणून काही हजार मीटर लांबीला एखादा मीटर एवढाच उतार देतात आणि जमिनीच्या उंचवट्याला वळसा घालत कालवा नेतात. सायकलच्या बाबतीत या आकड्यांना केवढी किंमत आहे ते असं समजून घ्या: साध्या सपाट रस्त्यावर ताशी पंधराच्या वेगाने जायला जेवढं बळ लागतं, ते नुसत्या दोन टक्के चढावर दुपटीच्या वर जातं. नाशिक उंचसखल गाव आहे. नासर्डीच्या पुलाकडे उतरायचं, पलीकडे चढायचं, गंगेवरून, म्हणजे गोदावरीवरून, गावात यायचं तर पुन्हा चढ. तिशीतल्या माणसाला ते जाणवत नाही. पंचावन्न वर्षांच्या कामगाराला, साडी नेसलेल्या बाईला, दप्तर लादलेल्या मुलीला जाणवतं. त्यांच्यासाठी सपाट वाट कुणी नव्याने आखू म्हटलं तर शक्य नाही. ती पाटबंधारे खात्याच्या इंजिनिअरांनी आधीच आखून ठेवली आहे, आणि नाले आडवे आले तिथे मोऱ्याही बांधून ठेवल्या आहेत.

दुसरी सारखी गोष्ट: असे पट्टे रहदारीकडे पाठ करून जातात. घरांच्या मागून, कंपाउंडच्या कडेने. म्हणून रस्त्याच्या कडेला रंगवलेल्या सायकल ट्रॅकचं जे होतं ते यांचं होत नाही. रस्त्याकडेच्या ट्रॅकचं काय होतं ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको. त्यावर दुचाक्या उभ्या राहतात, त्यांच्या मागे चहाची टपरी येते, टपरीपुढे गिऱ्हाइकं. यात टपरीवाल्याचा दोष मी मानत नाही. दुकानापुढची जागा गिऱ्हाइकाला लागणारच. तिथे सायकलची पट्टी आखणाऱ्याने ते आधी पाहायला हवं होतं.

सायकलच्या बाबतीत नाशिकचं नाव मोठं आहे. २०१५मध्ये इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या दोघा भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर. त्यानंतर शहरात सायकलींची लाटच आली. रविवारी पहाटे त्र्यंबक रोडला बघा, हेल्मेट, दिवे, रंगीत जर्सी, आणि परतीच्या वाटेवर मिसळ. मीही त्यातलाच, त्यामुळे टिंगल करत नाही. पण त्या गर्दीत बसून एवढं नक्की सांगता येतं की रविवारचा सायकलस्वार रस्ता पहाटे रिकामा असतो म्हणून निघतो. सोमवारी सकाळी आठला सातपूरच्या पाळीला निघणारा सायकलवाला वेगळा. त्याला कुणी जर्सी देत नाही. एकेकाळी सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या, नाशिकरोडच्या प्रेसच्या फाटकाबाहेर सायकलींच्या रांगा लागत. आता त्या जागी मोटरसायकली आहेत, आणि त्यांचे हप्ते. सायकल सोडली ती हौसेने सोडली असं ज्याला वाटतं त्याने एकदा मुंबई नाका ओलांडून पाहावा.

आता बाहेरची उदाहरणं. ती दोन कारणांसाठी देतो, आणि दोन्ही कारणं एकमेकांच्या विरुद्ध जातात.

सिंगापूरच्या मधोमध मलेशियाच्या रेल्वेची जुनी लाइन होती, तांजोंग पागार ते वुडलँड्स, सुमारे २४ किलोमीटर. ३० जून २०११च्या रात्री शेवटची गाडी गेली; ती जोहोरच्या सुलतानांनी स्वतः चालवली. दुसऱ्या दिवशी जमीन सिंगापूर सरकारकडे आली. रूळ उखडून मलेशियाला परत करायचे ठरले होते. पण त्याआधी काही दिवस सरकारने ती सगळी लाइन लोकांसाठी खुली ठेवली. स्लीपरवर पाय ठेवत माणसं चालली, काहींनी सायकली ढकलत नेल्या. आजवर जी जागा खिडकीतूनही नीट दिसत नव्हती ती पायाखाली आली. तिथल्या निसर्गप्रेमींच्या संस्थेने २०१०मध्येच ही जागा हिरवा पट्टा म्हणून अखंड ठेवा असा प्रस्ताव दिला होता. पण कागदावरचा प्रस्ताव आणि हजारो माणसांनी तुडवलेली वाट यांचं वजन सारखं नसतं. त्या देशात इंच इंच जमीन सोन्याच्या भावाची आहे. तरी आज तो पट्टा चालायला आणि सायकलला आहे, आणि बुकित तिमाहचे जुने लोखंडी पूल जागेवर आहेत. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ते मधले थोडे दिवस. आराखडा तयार व्हायच्या आधी लोकांनी जागा पाहिली, त्यामुळे पुढे काय हवं ते त्यांना ठामपणे सांगता आलं.

आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. तपोवनातल्या झाडांचंच बघा. सिंहस्थाच्या साधुग्रामसाठी ती तोडायचा प्रस्ताव आला आणि २०२५च्या अखेरीला शहर रस्त्यावर उतरलं. उतरलं ते बरंच झालं. पण तोवर नकाशे तयार होते आणि प्रशासनाची प्रतिष्ठा पणाला लागली होती. विरोध नेहमी शेवटच्या पायरीवर पोचतो, कारण पहिल्या पायरीला कुणी आपल्याला जागा दाखवतच नाही.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं, आणि ते मी इशारा म्हणून देतो. तिथे मॅनहटनच्या पश्चिमेला खांबांवरून जाणारी मालगाडीची लाइन होती. १९८०ला शेवटची गाडी गेली. वर गवत, रानफुलं, झुडपं उगवली. ती पाडायची बोलणी चालू असताना १९९९मध्ये दोघा रहिवाशांनी मित्रमंडळ काढलं, छायाचित्रकार वर चढले, लोकांना ते रान दिसलं, आणि २००९मध्ये त्याची ‘हाय लाइन’ नावाची बाग झाली. जगभरचे महापौर ती बघायला जातात. जेमतेम सव्वादोन किलोमीटर, देखणी, आणि तिथे सायकल चालवायला बंदी आहे. लोंढाच एवढा की सायकलला जागा नाही. पुनर्विकास झाला की असंही होतं. आजूबाजूच्या जागांचे भाव भडकले ते वेगळंच. आपल्याकडे एखाद्या महत्त्वाकांक्षी अधिकाऱ्याने हाय लाइनचे फोटो पाहिले तर कालव्यावर कारंजी, सेल्फी पॉइंट आणि ‘आय लव्ह नाशिक’ची अक्षरं येतील, आणि फाटकावर पाटी लागेल: सायकल आत आणू नये. नाशिकच्या बागांवरच्या पाट्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना ही अतिशयोक्ती वाटणार नाही.

मला स्वतःला सर्वांत उपयोगी वाटते ती अमेरिकेतलीच एक रुक्ष कायदेशीर तरतूद. १९८३मध्ये तिथे असा नियम झाला की रेल्वे कंपनीला एखादी लाइन सोडून द्यायची असेल तर तो पट्टा तुकडे करून न विकता पायवाट-सायकलवाट म्हणून चालवायला एखाद्या संस्थेकडे देता यावा. आणि पुढेमागे रेल्वेला त्याची गरज पडली तर तो परत रेल्वेकडे जावा. म्हणजे सायकलवाट हा तिथे पट्टा राखून ठेवायचा मार्ग झाला. शहाणपण यात आहे. पन्नास वर्षांनी काय लागेल ते आज कुणालाच कळत नाही. १९३३च्या नाशिककराला २०२१ची मेट्रो कशी कळावी? आपल्या जवळचं उदाहरण पाचोरा-जामनेरचं. ती नॅरोगेज गाडी २०२०च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा निघालीच नाही. पण जमीन रेल्वेच्या नावावर राहिली, म्हणून आता तिथे ब्रॉडगेजचं काम होऊ शकतं. नाशिकच्या ट्रामची जमीन अशी कुणाच्या नावावर राहिली असती तर?

सायकलवाला हा अशा पट्ट्याचा बिनपगारी राखणदार असतो. रोज शंभर माणसं जिथून जातात तिथे रातोरात भिंत उभी राहत नाही, डंपर रिकामा होत नाही. झालाच तर सकाळी आठच्या आत कुणाच्या तरी मोबाइलमध्ये त्याचा फोटो असतो. उलट जिथून कुणी जात नाही ती जागा कागदावर सरकारी असली तरी प्रत्यक्षात ज्याची हिंमत त्याची. शेजारच्या सोसायटीचं कंपाउंड हातभर पुढे येतं, मग तिथे जनरेटर बसतो, मग पार्किंग. हे करणारे सुशिक्षित असतात, आणि अतिक्रमण म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे झोपडपट्टी येते.

झोपड्यांचा विषय आला आहे तर तो टाळून पुढे जाता येणार नाही. पाणी थांबलं तसे कालव्याच्या काठी लोक राहायला आले. काहींची तिथे दुसरी-तिसरी पिढी आहे. सायकलवाटेच्या नावाने त्यांना उठवायचं असेल तर माझा त्या सायकलवाटेला विरोध आहे, हे स्पष्ट सांगतो. मुंबईत तानसाच्या जलवाहिनीलगत काय झालं ते ताजं आहे. मुलुंडपासून धारावीपर्यंत ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक करायची योजना आखली गेली, नाव हिरवं, चित्रं सुंदर. जलवाहिनीलगतची घरं हलवायचा न्यायालयाचा आदेश होता हे खरं, आणि पाण्याच्या पाइपला धोका असतो हेही खरं. पण त्या कुटुंबांना पाठवलं कुठे, तर माहुलला, तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. लोक आजारी पडले, आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. अमेरिकेत अटलांटा शहराभोवतीच्या जुन्या रेल्वेपट्ट्यांची सुमारे ३५ किलोमीटरची ‘बेल्टलाइन’ करण्याची मूळ कल्पना १९९९च्या प्रबंधात मांडणारा रायन ग्रॅव्हेल २०१६मध्ये त्या प्रकल्पाच्या संस्थेच्या मंडळातून बाहेर पडला. परवडणारी घरं टिकवण्याकडे पुरेसं लक्ष नाही, ही त्याची तक्रार होती. ज्याचं स्वप्न त्यानेच राजीनामा द्यावा, यावरून या कामातला धोका कळतो.

म्हणून मी मुरुमाची वाट म्हणतो. तीन मीटर रुंदीच्या साध्या वाटेला वस्तीतून जायला घर पाडावं लागत नाही. ती गल्लीतून वळसा घेऊन जाऊ शकते, दोनशे मीटर हळू चालवावं लागलं म्हणून कुणाचं बिघडत नाही. शिवाय या पट्ट्यावरून सायकलने कामाला जाण्याची सर्वांत जास्त गरज कुणाला असेल तर याच वस्त्यांमधल्या माणसांना. कारंजी-दिव्यांचा कोटींचा प्रकल्प आला की त्यांना उठवल्याशिवाय तो शोभत नाही. स्वस्त काम इथे जास्त न्याय्यही ठरतं.

आता सगळ्यांत मोठा आक्षेप, आणि तो पोकळ नाही. द्वारकेला रोज अर्धा-अर्धा तास अडकणारा माणूस म्हणेल, तुम्हाला सायकली सुचतायत, इथे पर्यायी रस्ता हवाय. कॅनॉलवर डांबर घाला आणि मोकळे व्हा. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे, रस्त्यांची कामं जोरात आहेत, निधी आहे, तर कालव्याचाही रस्ता होऊन जाऊ दे. हे मला समजतं. पण आपल्याच शहराचा अनुभव तपासू. महामार्गावरचा लांबलचक उड्डाणपूल २०१३मध्ये सुरू झाला. बाहेरगावची वाहनं वरून गेली. द्वारकेची कोंडी संपली का? कालव्याच्या अरुंद पट्ट्यावर दोन पदरी रस्ता केला तर तो शहरातल्या प्रत्येक उभ्या रस्त्याला छेद देत जाणार. प्रत्येक छेदावर एक नवा चौक, प्रत्येक चौकात सिग्नल, नाहीतर हवालदार, नाहीतर दोन्ही असून गोंधळ. वाहनं एका कोंडीतून निघून पाच छोट्या कोंड्यांत वाटली जातील, आणि पट्टा मात्र कायमचा संपेल. साडेतीन मीटरच्या एका पट्टीतून मोटारींनी तासाला हजार-दीड हजार माणसं जातात. तेवढ्याच जागेतून सायकलींवर त्याच्या कितीतरी पट जाऊ शकतात. अर्थात सायकली असतील तर. नसतील तर रिकामी वाट दिसेल आणि लोक हसतील. पहिली दोन-तीन वर्षं हसतीलही. डांबर घालायला त्यानंतरही कुणी अडवलेलं नाही. एकदा घातलेलं डांबर काढून सायकलवाट केल्याचं मात्र मी आपल्या शहरात पाहिलेलं नाही.

पैशाची बाजूही पाहावी. आज शहरात दहा किलोमीटरचा नवा सलग पट्टा कुणी विकत घेऊ शकेल का? २०१३च्या भूसंपादन कायद्यानुसार बाजारभावाच्या वर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते. विकास आराखड्यात खासगी जागेवर आरक्षण टाकलं तर दहा वर्षांत ती ताब्यात घ्यावी लागते; नाहीतर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ची नोटीस देतो आणि मुदतीत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण उडतं. अशी उडालेली आरक्षणं किती, हे महापालिकेत बसणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. कालव्याच्या जागेला यातलं काही लागत नाही. ती आधीच सार्वजनिक आहे. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही म्हणतात, ते इथे अक्षरशः खरं होतंय.

बायकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न मला पुरुषाने पटकन निकालात काढण्यासारखा वाटत नाही. मागच्या अंगाची, झाडीची, निर्मनुष्य वाट संध्याकाळी सातला कुणाही बाईला नको वाटेल, आणि दिवे लावले की काम झालं असंही नाही. म्हणून सुरुवात दिवसाच्या वापरापासून व्हावी: सकाळी कामाची आणि शाळेची वेळ, दुपारी शाळा सुटायची वेळ. ज्या सोसायट्यांच्या पाठी कालव्याकडे आहेत त्यांनी त्या बाजूला छोटी फाटकं उघडावीत. आजीआजोबा तिथे बसायला लागले की अर्धा प्रश्न सुटतो. उरलेला अर्धा पोलिसांचा आहे, तो त्यांच्याकडून करून घ्यावा लागेल.

पेव्हर ब्लॉक नकोत, हे वेगळं सांगतो. ठेकेदारांना ते का आवडतात याची चर्चा नको. पण सायकलच्या चाकाखाली ते खडखडतात, पहिल्या पावसाळ्यात खचतात, आणि मुळं वाढली की झाडाचा दोष ठरतो. मुरूम दाबून घ्यावा, पाणी निघून जायला कडेला उतार द्यावा, मोटार आत येऊ नये म्हणून तोंडाशी खांब रोवावेत, मोठ्या रस्त्याला वाट मिळते तिथे गतिरोधक आणि ठळक पट्टे. खालून पाण्याच्या, गॅसच्या, इंटरनेटच्या लाइनी न्यायच्या असतील तर खुशाल न्याव्यात आणि त्याचं भाडं वाटेच्या देखभालीला लावावं. त्यासाठी दर वर्षी दुसरीकडचे चांगले रस्ते फोडण्यापेक्षा ते बरं.

खरी मेख हस्तांतरणात आहे. जागा पाटबंधारे खात्याची आणि शहर महापालिकेचं. आजवर जिथे ज्याला गरज पडली तिथे तेवढा तुकडा मागितला गेला: इथे रस्त्यासाठी, तिथे बागेसाठी. असं तुकड्यांनी देत गेलं की प्रत्येक तुकड्याचं कारण योग्यच वाटतं आणि शेवटी पट्टा उरत नाही. त्यामुळे आधी दोन्ही खात्यांनी मिळून सातपूरपासून नाशिकरोडपर्यंत उरलेल्या जागेची मोजणी करावी, कुठे किती रुंदी शिल्लक आहे त्याचा नकाशा लोकांसमोर ठेवावा, आणि जागा द्यायची तर एकाच करारात द्यावी. त्या करारात एक अट हवी: तीन मीटरची वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी राहील, आणि कुठल्याही कामासाठी ती तोडावी लागली तर त्याच कामाच्या अंदाजपत्रकातून ती खालून किंवा वरून पुन्हा जोडून दिल्याशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल निघणार नाही.